न थांबता वाचणारी मुलगी

माझं तोंड मला जन्मभर नडलं आहे. त्या दिवशी स्टाफ मीटिंगमध्ये मुकाट्याने समोसा खाल्ला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण निकालावरून सगळे एकमेकांवर ढकलत होते, गणितवाले विज्ञानवाल्यांवर, विज्ञानवाले मुलांच्या आईबापांवर, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, नववीतल्या अर्ध्या मुलांना आपण वाचतोय ते काय आहे हेच कळत नाही, मग विषय कुठलाही असो, काय फरक पडतो? प्रिन्सिपल मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "तो फिर आप ही सँभालिए।" झालं. माझे अकरावी-बारावीचे हिंदीचे तास गेले आणि जिन्याखालची खोली माझ्या गळ्यात पडली.

त्या खोलीत पूर्वी खेळाच्या चटया ठेवायचे. एकच खिडकी, तिला लोखंडी जाळी, आणि जाळीपलीकडे हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ शेजारच्या घराची भिंत. त्या फटीतून माकडं ये-जा करायची. काशीत जाळीशिवाय घर नाही. आमच्याकडे माणसं आत कोंडून राहतात आणि माकडं बाहेरून बघतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण दिवसभर त्या खोलीत बसलं की वाटायला लागायचं. लाइट गेली की पंखा थांबायचा, भिंतीचा दमट वास वर यायचा, आणि सहावीपासून दहावीपर्यंतची वाचनात कच्ची मुलं घामेजून माझ्याकडे बघत राहायची. दारावर 'उपचारात्मक कक्ष' अशी पाटी होती. मुलं म्हणायची, कमजोर वाला कमरा. घंटा झाली तरी कोणी लगेच आत यायचं नाही. व्हरांडा रिकामा होईपर्यंत नळाशी रेंगाळायची, मग पटकन शिरायची.

माझी बहीण पुण्याहून फोनवर सांगायची, सोड ती नोकरी आणि ये इकडे. सांगायला काय जातं? घरात सासूबाई अंथरुणावर, यजमान रिटायर होऊन टीव्हीसमोर, पेन्शन अजून लांब. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी ती खोली. सकाळी घराचं दार ओढून घ्यायचं आणि शाळेत जाऊन दुसरं लावून घ्यायचं, असं माझं चाललं होतं.

मुलांचा प्रश्न मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघाला. काहीजण अक्षर अक्षर जोडत वाचायचे. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. जे जरा बरे होते त्यांना कोणा कोचिंगवाल्याने एक युक्ती शिकवून ठेवली होती: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. म्हातारा कुंभार त्या दिवशी नदीवर का गेला नाही, असा प्रश्न असला की उत्तर यायचं, म्हातारा कुंभार रोज नदीवर जात असे. आणि या उत्तराला आमचे तपासणारे अर्धा मार्क द्यायचे, कारण कुंभार आहे, नदी आहे, अक्षर सुवाच्य आहे. मुलं काय खुळी आहेत का? जे विकलं जातं तेच ती पिकवणार.

म्हणून मी एकच नियम केला. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. काय दिसलं ते सांगायचं. कळलं नाही तर मागे जायचं, पण कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलं कंटाळायची, मी ओरडायचे, पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी वाटायचं, तरी मी ओतत होते, कारण दुसरं करण्यासारखं त्या खोलीत काही नव्हतं.

अशात एक दिवस ती आली. आमच्यातलीच, म्हणजे मराठी. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारी. वडील महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकार्यं करतात. नववीत दुसऱ्यांदा बसली होती. गल्लीत मला काकू म्हणायची, शाळेत मैम. मी तिला एक हिंदी उतारा दिला आणि तिने तो असा वाचला की खोलीतली सगळी माना वर करून ऐकायला लागली. कुठे अडखळणं नाही, उच्चार स्वच्छ, आवाज असा खणखणीत की मला वाटलं हिला चुकून इकडे पाठवलं. मी विचारलं, यातली होडी कोणाची होती? ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उतारा पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला घेतला. होडीची ओळ आली आणि गेली, तिला पत्ताही नाही, ती थेट शेवटाला जाऊन थांबली आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या कुठल्या बाईला हे कोडं वाटलं असतं. मला नाही वाटलं, कारण मी अशाच घरात वाढले. माझ्या भावांना वडील पहाटे वेदाची संथा द्यायचे. तेच तेच म्हणायचं, श्वास संपेल तिथे थांबायचं, अर्थ संपेल तिथे नाही. मधेच तुटलं तर मधून धरायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. अर्थ विचारला तर वडील म्हणत, मोठेपणी कळेल. भाऊ मोठे झाले, बँकेत लागले, अर्थ राहिलाच. मी हे हसण्यावारी नेत नाही. हजारो वर्षं एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता गळ्यागळ्यातून ते पोचलं, ते याच रीतीने. पण नववीच्या पुस्तकातला पाणी वाचवण्याचा धडा म्हणजे काही वेद नव्हे. हिला घरी कोणी समोर बसवून शिकवलं नव्हतं, मुलगी ना ती. आजोबा नातवांना संथा देत तेव्हा ही दाराआड बसून सगळं उचलत गेली होती. पुढे आजोबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कौतुकाने तिलाही म्हणायला लावलं.

तिचे वडील मला भाजीवाल्याकडे भेटले. भला माणूस, आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. म्हणाले, "वहिनी, तुम्ही घेताय तिला, बरं झालं. पण या वेळी तपासणीत निघाली नाही तर बस, हो गया. उज्जैनला माझी बहीण आहे. तिचं बायकांचं स्तोत्रपठणाचं मंडळ आहे, लोक घरोघरी बोलावतात. हिचा गळा तिथे कामाला येईल. इथे उगाच कमजोर म्हणवून घ्यायचं कशाला?" मी विचारलं, तिला विचारलंत का? ते हसले आणि दोडके निवडायला लागले.

तपासणी म्हणजे वरच्या ऑफिसातून एक बाई यायच्या. टेबलावर मोबाइल उभा करायच्या, मूल त्याच्यासमोर एक मिनिट मोठ्याने वाचायचं, आणि तो मोबाइल शब्द मोजायचा. ठरल्या पातळीवर पोचलं तर पुढे प्रश्न, नाहीतर तिथेच खेळ संपला. त्यात पास होऊन निघालेली मुलं आपापल्या वर्गात परत जायची आणि नववीवाल्यांचा दहावीचा रस्ता मोकळा व्हायचा. मागच्या खेपेला ही वाचनात सगळ्यांत वर होती आणि प्रश्नांत शून्य.

एकदा सगळी गेल्यावर मी तिला विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? ती म्हणाली, "मला दहावी द्यायची आहे, काकू. उज्जैनला नाही जायचं. घरी पाहुणे आले की मला म्हणायला बसवतात. म्हणून झालं की वाहवा करतात आणि चहा आणायला सांगतात. मला कोणी काही विचारतच नाही." एवढं बोलून ती चप्पल घालायला लागली. मला तिचा राग आला नाही, तिच्या बापाचाही नाही, पण कोणाचा तरी फार आला. घरी जाऊन मी यजमानांवर काढला.

थांब म्हटलं की तिला थांबता येईना. तोडलं की ती पहिल्यापासून सुरू करायची. म्हणून मी एक डाव टाकला. फळ्यावर हिंदीत लिहिलं: बाईने चूल पेटवली, चुलीत बादलीभर पाणी ओतलं आणि गरम गरम पोळ्या भाजल्या. तिला वाचायला सांगितलं. तिने सुरेख वाचलं. मागे बसलेली, अक्षराला अक्षर जोडणारी सातवीतली पोरं आधी कुजबुजली आणि मग खिदळायला लागली. "मैम, आग तो बुझ गई," एकजण म्हणाला. त्यांना रखडत वाचता वाचता विझलेली चूल दिसली होती. तिला दिसली नव्हती. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि त्यानंतर ती काही दिवस शाळेतच आली नाही.

मी काही तिची समजूत काढायला गेले नाही. तो माझा स्वभाव नाही. ती आपण होऊन आली, मागच्या बाकावर बसली आणि म्हणाली, आणखी तसलं लिहा. मग मी रोज लिहायला लागले. गल्लीतल्याच गोष्टी, दुधवाल्याच्या, बैलाच्या, छतावर वाळत घातलेल्या पापडांच्या, आणि प्रत्येकीत एक थाप लपवलेली. ती ओळखायची. आधी तिला एकही सापडेना. ती शेवटपर्यंत धावत जायची आणि बाकीची मुलं हसायची. मग ती ओठ दाबून सावकाश वाचायला लागली. आवाजातला तो खणखणीतपणा कमी कमी होत गेला.

आणि एक दिवस ती अडली. मी लिहिलं होतं, आजी संध्याकाळी बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसली, समोर पलीकडच्या काठावर सूर्य बुडत होता. ती बुडत होता म्हणाली आणि गप्प. मान तिरकी करून फळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "समोर कसा बुडेल? समोरून तर उगवतो. संध्याकाळी तो आपल्या घरांच्या मागे जातो." तिने पहिल्यापासून सुरू केलं नाही. मधूनच धरलं, त्याच ओळीपासून, आणि पुढे वाचत गेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद कधी झाला नव्हता, सरळच सांगते. घरी जाताना मी बर्फी घेतली आणि यजमानांनी विचारलं, आज काय विशेष, तर मला सांगताच येईना.

त्यानंतर ती वाचायची म्हणजे काय, जणू अंधाऱ्या जिन्यावरून उतरायची. एक पायरी, मग चाचपणं, मग दुसरी. कधी परत वर. कधी एकदम हसायची, कधी म्हणायची, हा माणूस खोटं बोलतोय, मैम, आधी म्हणाला होता पैसे नाहीत. मी तिला घाई करू दिली नाही. मला वाटलं होतं, वेग आपोआप परत येईल. येतोच तो, पण त्याला वेळ लागतो, आणि तपासणी काही आमच्या वेळेवर होणार नव्हती.

त्या बाई आल्या. मी दाराशी उभी होते. उतारा होता गाव सोडून शहरात निघालेल्या एका घराचा. सामान बांधतात, भांडी गोणीत भरतात, धाकटी मुलगी बकरीला शेवटचा पाला घालते. पुढे वाक्य होतं, बकरीला कोणी काही सांगितले नव्हते. ती तिथवर आली आणि थांबली. मी मनात म्हटलं, चल बाई, चल पुढे. ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. मग मान वर करून तिने त्या बाईंना विचारलं, "बकरी को किसके पास छोड़ा?" बाई दचकल्या. म्हणाल्या, "आप पढ़िए, सवाल हम पूछेंगे।" तोवर मिनिट संपलं होतं. मोबाइलने तिला सहावीच्या मुलांच्याही खाली टाकलं. प्रश्नांपर्यंत गाडी गेलीच नाही. जेव्हा तिला कळत नव्हतं तेव्हा ती सगळ्यांत वर होती, आणि कळायला लागल्यावर तळाला गेली.

मी प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत जाऊन तावातावाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाल्या की गैरहजर मुलांसाठी त्या बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत, त्यात हिला बसवता येईल. मग टेबलावर पुढे वाकून म्हणाल्या, "बस, इसे सोचने मत दीजिए, मैडम। एक मिनट की तो बात है।" वाईट हेतूने नाही म्हणाल्या. त्यांनाही मुलगी शाळेत राहायला हवी होती. माझी मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. शिकवलं ते टिकवावं तर पोरगी उज्जैनला जाते. पोरगी टिकवावी तर जे शिकवलं ते माझ्याच हाताने पुसायचं.

मी पुसायला बसले. दुसरं काय करणार होते? रोज बाकीची गेल्यावर तिला थांबवून घ्यायचे आणि घड्याळ लावायचे. म्हणायचे, आजोबांसमोर म्हणायचीस तसं म्हण. डोळ्यांनी अक्षरं घे आणि तोंडाने सोड, आत घेऊ नकोस. ती म्हणायची, "पण काकू, आता ती आत येतातच." सुरुवात करायची आणि कुठेतरी भुवया वर जायच्या, की मेलं ते वाक्य. एकदा मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, थांबू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? ती माझ्याकडे बघत राहिली. याच खोलीत, याच टेबलाशी, मी तिला इतके महिने थांब म्हणून ओरडत होते. तिने उतारा पुन्हा हातात घेतला. मला त्या खोलीतून उठून पळून जावंसं वाटलं, पण जायचं कुठे, घरी सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली होती.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मी आत गेलेच नाही. व्हरांड्यात उभी राहिले. तिचा आवाज ऐकू येत होता, तोच पहिल्या दिवसाचा, खणखणीत, कुठे खाच नाही. मला वाटलं, गेलं सगळं. मग आतून त्या बाईंचा आवाज आला, प्रश्न विचारल्यासारखा, आणि तिचा, उत्तर दिल्यासारखा, आणि थोड्या वेळाने ती बाहेर आली. म्हणाली, "काकू, झाले पास. प्रश्नांतसुद्धा." शाळेत असून काकू म्हणाली.

मी शाबास म्हटलं. मग भीत भीत विचारलं, काय होतं गं उताऱ्यात? पोपटासारखी ओळ उचलून उत्तर दिलं असेल, अशीच माझी खात्री होती. ती म्हणाली, "एक मुलगी शिकायला दुसऱ्या गावी जाते. आई पोचवायला स्टेशनवर येते. गाडी सुटताना आई खिडकीतून हात घालून तिच्या केसांतली पिन नीट करते. आई रडली असं कुठेच लिहिलेलं नाही. पण पिन नीटच होती, काकू. आधी लिहिलं होतं ना, मुलीने सकाळीच घट्ट लावली म्हणून. आईला नुसता हात लावायचा होता."

मी माझ्या अख्ख्या नोकरीत बारावीच्या मुलांकडूनसुद्धा असं उत्तर ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, मग हे कळलं तेव्हा तू थांबली नाहीस?

"नाही. कळलं, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तुम्ही सांगत होतात तसं मला काही जमेना. मग घरी आईकडे बघत बसले. पाहुण्यांसमोर बाबा काहीबाही बोलतात, तिला सगळं कळतं, पण तिचं पोळ्या लाटणं थांबत नाही. मी तसं केलं."

ती हे आनंदाने सांगत होती. एखादी अवघड रांगोळी जमल्यावर पोरी सांगतात तशी. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हटलं, जा, वर्गात जा. ती धावतच जिना चढून गेली. ती दहावीला बसणार होती, उज्जैन टळलं होतं, मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि मला तिच्या आईचं ते न थांबणारं लाटणं दिसत होतं. प्रिन्सिपल मॅडम समोरून येत होत्या. म्हणाल्या, "देखा? अब सबको ऐसे ही तैयार कर दीजिए।" मी हसून हो म्हटलं. मग आत गेले, खुर्ची ओढून बसले आणि पुढच्या मुलाला म्हटलं, वाच.